दोन तास बाकी

लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या बॅटरीच्या चिन्हावर बाण नेला की उत्तर मिळतं, ‘२ तास १० मिनिटं बाकी’. ऑफिसात तिकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, कारण चार्जर कायम लावलेला. बाहेर पडलं आणि जवळपास सॉकेट नाही हे कळलं, की मात्र नजर सारखी तिथेच. आणि तो आकडाही महालहरी. व्हिडिओ कॉल सुरू झाला की दोन तासांचा तास होतो, कॉल संपला की पुन्हा चढतो.

त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. बॅटरीत मिनिटं नसतातच, असते ती ऊर्जा. मिनिटं हा नुसता भागाकार. ५० वॅट-अवरची बॅटरी १० वॅटने वापरली तर ५ तास, २५ वॅटने उपसली तर २. मग हात आखडायचा कुठे? सगळ्यात आधी स्क्रीनच्या उजेडात. बऱ्याचदा तीच सर्वांत खादाड असते. ब्लूटूथ बंद करून मिळतं ती चिल्लर, पण लोक तेच आधी बंद करतात!

झाकण मिटलं म्हणजे लॅपटॉप गाढ झोपला, असंही नाही. स्लीपमध्ये मेमरीला वीज लागतेच. काही नवे लॅपटॉप तर त्या अवस्थेतही मेल तपासत बसतात. बॅगेतून काढावा तर अंग गरम आणि बॅटरी निम्मी. लांबच्या वाटेवर हायबरनेट बरं: मेमरीतलं सगळं डिस्कवर लिहून गडी पूर्ण बंद.

‘पूर्ण उतरल्याशिवाय चार्ज करू नकोस’ हा सल्ला अजून ऐकू येतो. तो जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला. आताच्या लॅपटॉपमधल्या, १९९१मध्ये बाजारात आलेल्या लिथियम-आयन बॅटरीला तळ गाठणं मुळीच मानवत नाही. शंभर टक्क्यांवर, त्यातही उष्णतेत, पडून राहणंही सोसत नाही. म्हणून बऱ्याच लॅपटॉपमध्ये ८० टक्क्यांवर थांबायची सोय असते.

एक मात्र खरं, बॅटरी आठ टक्क्यांवर आली की मेलमधली प्रस्तावना आपोआप गळते. तीन ओळींत काम होतं आणि समोरच्याचं उत्तरही लगेच येतं. तरीही प्रवासाच्या आदल्या रात्री मी ती ८०ची मर्यादा काढून टाकते. बॅटरी एका दिवसाने म्हातारी झाली तर होऊ दे.