ब्रायडल बेस अपडेट: नाकाची बाजू अखेर टिकली!

टिकली एकदाची!! नवरीच्या मेकअपच्या दर ट्रायलला नाकाच्या दोन्ही बाजूंना दुपारीच बेस (फाउंडेशनचा थर) फुटायचा, तिथला या वेळी सकाळचा बेस रात्रीपर्यंत जागचा हलला नाही. टिश्यू दाबून बघितला तर नुसतं तेल आलं, रंग नाही. मी तो टिश्यू जपून ठेवलाय, हसू नका.

मागे यावर उपाय म्हणून वरची पावडर बदलते म्हणाले होते ते राहूनच गेलं, कारण अर्ध्या-अर्ध्या चेहऱ्याची टेस्ट घेतली आणि कळलं की गडबड वरच्या थरात नाहीच, खाली आहे. डावीकडे नेहमीचं क्रीमवालं सनस्क्रीन, उजवीकडे फक्त हलकं जेल मॉइश्चरायझर, बाकी सगळं सेम, आणि डावी बाजू आधी गेली. त्या सनस्क्रीनमधलं तेल हळूहळू फाउंडेशनमध्ये उतरतं, त्यात नाकाशी सीबम (त्वचेचं स्वतःचं तेल) जास्त आणि हसलं की कातडी दुमडणार, मग लाँगवेअर (दिवसभर टिकणाऱ्या) फाउंडेशनची फिल्म तरी धरून धरणार किती.

पण दिवसा, बाहेर लग्न असेल तर सनस्क्रीन कसं सोडणार? म्हणून आता जेलवालं लावते, पंधरा मिनिटं हात लावत नाही, टिश्यूने टिपते आणि खरी गंमत पुढे आहे, नाकाजवळ फाउंडेशनच्या *आधी* चिमूटभर ट्रान्सलुसंट (बिनरंगी) पावडर. वर फाउंडेशन अगदी पातळ, ओल्या स्पंजने दाबून, घासायचं नाही, घासलं की खालची पावडर गोळा होऊन पॅची दिसतं.

बाकी ट्यूबिंग मस्करा (पापणीच्या केसांभोवती नळ्या बनवणारा) भारी, रडारडीत पसरला नाही आणि रात्री कोमट पाण्याने नळ्या-नळ्या होऊन निघाला. सेटिंग स्प्रेबद्दल माझं मत तेच, ग्लिसरीनवाले मिस्ट पावडरचा कोरडेपणा घालवतात पण पकड शून्य, लेबलवर पीव्हीपी किंवा अ‍ॅक्रिलेट्स कोपॉलिमर (मेकअप धरून ठेवणारी फिल्म बनवणारे घटक) शोधा. आणि सिलिकावाली एचडी पावडर जास्त झाली तर फ्लॅशमध्ये चेहरा पांढरा येतो, फ्लॅश मारून एक फोटो काढल्याशिवाय नवरीला सोडू नका.

पुढच्या वेळी लिपस्टिकचे प्रयोग करणार होते, पण लिहिता लिहिता सुचलं की हीच आधी-पावडर वरच्या ओठावर का नको, घाम तिथेच पहिला फुटतो. मग लिपस्टिक थांबेल, आधी हे. डोळ्यांखाली मात्र नाही करणार, तिथली त्वचा कोरडी, आधीच कन्सीलर क्रीज होतोय (रेषांमध्ये साचतोय). तिथे कोणी क्रीम कन्सीलर सोडून पातळ लिक्विड वापरून दिवसभर काढलाय का?