बाखच्या पहिल्या चेलो सुइटचा प्रेल्यूड (त्याच्या रचनांच्या यादीत बीडब्ल्यूव्ही १००७), गिटारवर डी मेजरमध्ये: दुसऱ्या मेझरची गाठ सुटली

पहिल्या चार मेझरची (तालाच्या आवर्तनांची) बोटं बसली एकदाची, तीही कँपानेलाचा, म्हणजे लगतचे सूर वेगवेगळ्या तारांवर घेऊन एकमेकांत घुमू देण्याचा, हट्ट अर्धा सोडल्यावर.

चेलोचं जी मेजर गिटारवर डी मेजरमध्ये आणि सहावी तार डीला, हे आधीच ठरलं होतं. पहिल्या मेझरमध्ये एफ शार्प पहिल्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला आणि ई दुसऱ्या तारेवर पाचव्याला घेतला की दोन्ही सूर एकमेकांत छान रेंगाळतात. तीच युक्ती पुढच्या मेझरला लावली की घोडं अडतं: जी पहिल्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, तर एफ शार्प दुसऱ्या तारेवर थेट सातव्याला. ६५० मिमी स्केलवर (तारेची वाजती लांबी) बोटांमधला हा ताण सुमारे ११.३ सेंमीचा. दुसऱ्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावला तर तो १० सेंमीवर येतो, पण सगळं ई मेजरमध्ये चढतं आणि खर्जाची मजा जाते. ६४० ची गिटार घ्या, असं हमखास सुचवलं जातं. तिने इथे जेमतेम २ मिमी वाचतात, तेव्हा खिशात हात घालू नका.

मुळात मेख ताणात नव्हतीच. डीला सा धरा: रे आणि ग एकत्र घुमले तर गोड लागतात, ग आणि म एकत्र घुमले की टोचतात. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या मेझरला कँपानेला नकोच, तिथे पुल-ऑफ हवा (दाबलेलं बोट तार ओढत उचलून त्याच तारेवर खालचा सूर काढणं).

आता तर्जनीचा हाफ-बारे (एकाच बोटाने काही तारा एकदम दाबणं) दुसऱ्या फ्रेटला, फक्त पहिल्या तीन तारांवर, आणि चारही मेझर तो हलत नाही. चौथी तार मोकळी राहते. पहिल्यात ई करंगळीने. दुसऱ्यात जी मधल्या बोटाने, बी तिसऱ्या तारेवर चौथ्या फ्रेटला करंगळीने. जी छेडून पुल-ऑफ केला की एफ शार्प बारेवर आयताच मिळतो. त्यानंतरचा जी मात्र पुन्हा छेडायचा, हॅमर-ऑन (न छेडता नुसतं बोट आपटून सूर काढणं) केला तर सूर मरतो. तिसऱ्यात सी शार्पही बारेतच आहे. चौथ्यात डी दुसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, ई पुन्हा करंगळीने. पहिल्या मेझरला उजवा हात पी-आय-ए-एम-ए-आय-ए-आय (पी अंगठा, आय तर्जनी, एम मधलं बोट, ए अनामिका).

बारेचा जोर पहिल्या तारेवर हवा, तर्जनी किंचित कडेवर कलती ठेवा. सपाट दाबली तर पुल-ऑफनंतरचा एफ शार्प खरखरतो.

सहाव्या तारेचा खालचा डी प्रत्येक मेझरच्या सुरुवातीला घालायचा बेत होता. पण बाखने स्वतः पाचव्या चेलो सुइटचं ल्यूट या जुन्या तंतुवाद्यासाठी जे रूप केलं (बीडब्ल्यूव्ही ९९५), ते समोर ठेवून हे लिहिताना वाटतंय की फक्त पहिल्या आणि तिसऱ्या मेझरला घालावा. दुसऱ्यात आधीच्या डीचा घुमारा पुरतो. चौथ्याचं अजून ठरत नाही.

डीला उतरवलेली सहावी तार नॉर्मल टेन्शनची असेल तर लोंबते. बाकी सेट डॅडारिओ कंपनीच्या ईजे४५ चाच (नॉर्मल टेन्शन), सहावी तेवढी ईजे४६ मधली (हार्ड टेन्शन) घातली, फरक लगेच कळतो. उतरवल्यावर ती थोडी चढत राहते, म्हणून आधी डीच्या खाली नेऊन मग वर आणा आणि बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला सूर) मोकळ्या चौथ्या तारेशी ताडून बघा.

यानंतर जपानी संगीतकार ताकेमित्सूच्या गिटारसाठीच्या १९७७ च्या बारा गाण्यांमधलं ‘यस्टरडे’ घ्यायचं होतं. ते आता मागे. बाखच्या प्रेल्यूडच्या शेवटाकडच्या बारिओलाजमध्ये (मोकळी तार आणि शेजारच्या तारेवरची चाल आलटूनपालटून वाजवणं) मोकळी पहिली तार दुसऱ्या तारेवरच्या चालीला गिळते आहे, आधी अनामिकेचं नख थोडं कमी करून बघतो.