बाही सोडायची नाही

शाळेचा सुवर्णमहोत्सव म्हटल्यावर गॅदरिंग, सहली, दहावीचा निरोप समारंभ यावर सगळे लिहितीलच, आणि छान लिहितील. मला लिहायचंय ते मागच्या हॉलमधल्या ज्युडोवर, त्यातही मेडलांवर नाही तर रँडोरीच्या वेळी आमचे ज्युडोचे सर जे नियम पाळायला लावायचे त्यांच्यावर. मी आज जळगावला मुलांना ज्युडो शिकवते आणि रोज संध्याकाळी मॅटवर माझ्या तोंडून जे निघतं ते सगळं त्या हॉलमधलंच असतं.

ज्यांचा ज्युडोशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगते, रँडोरी म्हणजे मोकळा सराव. दोघं एकमेकांची कॉलर आणि बाही धरतात आणि खरोखर पाडायला बघतात, कोण काय डाव मारणार हे आधी ठरलेलं नसतं. मॅचला पंच असतो, पॉइंट असतात, निकाल लागतो. रँडोरीत निकालच नसतो. कोण किती वेळा पडलं हे कुणी मोजत नाही, मोजायचंही नसतं. पण आपण पडलो तालमीच्या मुलखातले, आखाजीपासून गावोगावच्या यात्रेत दंगली बघत मोठे झालेले, घरात एखादा तरी काका नाहीतर आबा लंगोट बांधलेला. कुस्तीत पाठ टेकली की संपलं, त्यामुळे आमच्यातली तालमीतून आलेली पोरं पडायची वेळ आली की पाठ वाचवायला आधी हात टेकवायची. अंगाचं सगळं वजन त्या एका ताठ हातावर आलं की मनगट तरी जातं, कोपर तरी निसटतं, नाहीतर गळ्याजवळचं हाड मोडतं. बाहेरगावच्या एका कॅम्पमध्ये मी हे डोळ्यासमोर बघितलंय, चांगला दणकट पोरगा होता, त्याच्या हाडाचा आवाज मॅटच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला.

म्हणून सर सुरुवातीला कितीतरी दिवस फक्त पडायला शिकवायचे. उकेमी. आधी बसून मागे, मग उकिडवं बसून, मग उभं राहून, मग बाजूला, मग पुढे कोलांटी घेऊन. हनुवटी छातीला, नजर स्वतःच्या बेल्टच्या गाठीवर, म्हणजे डोकं मागे जातच नाही. हात अंगापासून थोडा लांब आणि पाठ टेकता टेकता तळव्यापासून खांद्यापर्यंत अख्खा हात एकदम मॅटवर आपटायचा, श्वास सोडत. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकलेला असायचा म्हणून सकाळी सहाला प्रॅक्टिस, आणि त्या वेळी बाहेर रस्त्यावर आमच्या हातांचा फटाफट आवाज जायचा. ज्याची उकेमी सरांना पटली नाही तो रँडोरीला उभा राहणार नाही, मग तो कुणाचाही मुलगा असो. एका पालकांनी येऊन बरंच ऐकवलं होतं त्यांना, पण सरांनी त्या मुलाला पुढचे कितीतरी दिवस पडायलाच लावलं.

हॉलच्या दाराशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा असायचा. आत पाऊल टाकायच्या आधी कानातल्या बाळ्या, बांगड्या, कडं, घड्याळ, केसातल्या पिना सगळं त्यात. गळ्यातला काळा दोरा आणि ताईतसुद्धा, कारण कॉलर ओढली जाते तेव्हा दोराही त्याच्यासोबत ओढला जातो आणि तो सहजासहजी तुटत नाही. घरी ताईत काढू द्यायचे नाहीत, मग आजीला समजावायला सर स्वतः घरी गेल्याचं मला माहिती आहे. करदोट्याला किल्ली बांधलेली असेल तर तीही काढायची. नखं सर हातात हात घेऊन बघायचे, पायाचीसुद्धा. केस रबराने बांधायचे, मुलींनी जॅकेटच्या आत पांढरा टीशर्ट घालायचा. चपला मॅटच्या कडेला, तोंड बाहेरच्या दिशेने, आणि मॅटवरून उतरून अनवाणी कुठे जायचं नाही कारण तीच माती परत मॅटवर येते आणि मग कुणाला तरी नायटा होतो. आमच्या मॅट जुन्या होत्या, वर कॅनव्हास ताणलेला, पण खाली दोन मॅटमध्ये फट पडायची आणि अंगठा त्या फटीत गेला की संपलंच. त्यामुळे रोज दोघं जण आधी पायाने अख्खी मॅट चाचपत फिरायचे आणि फट लागली की सगळे मिळून ढकलून बसवायचे. मग ओल्या फडक्याने पुसणं.

मग नमस्कार. मॅटवर येताना वाकून, जोडीदारापुढे उभं राहिल्यावर वाकून, सुटताना परत. सुरुवातीला आम्हाला ही नुसती रीत वाटायची. पण त्या वाकण्याच्या वेळी सर एक गोष्ट सक्तीने करायला लावायचे, काही दुखत असेल तर समोरच्याला तेव्हाच सांगायचं. "माझा डावा खांदा धरलाय", "गुडघ्याला पट्टी आहे", एवढंच. समोरच्याने त्या बाजूचा डाव टाळायचा. लपवून खेळणाऱ्यावर सर जितके चिडायचे तितके दुसऱ्या कशावरच चिडायचे नाहीत.

आणि सगळ्यात मोठा नियम बाहीचा. पाडताना जो हात समोरच्याची बाही धरून असतो तो शेवटपर्यंत सोडायचा नाही, उलट समोरचा जमिनीला लागायच्या क्षणी बाही वर ओढायची. त्या ओढीने पडणाऱ्याचा खांदा आणि डोकं जरासं वर उचललं जातं, तो कुशीवर नीट उतरतो आणि त्याचा दुसरा हात मॅट आपटायला मोकळा राहतो. आपण मात्र उभं राहायचं, त्याच्या अंगावर जाऊन पडायचं नाही. पडणाऱ्याने उकेमी करायची हे झालं त्याचं काम, पण निम्मं काम पाडणाऱ्याचं असतं. एखाद्या मुलीला जोरात टाकली तरी ती उठून लगेच पकड घ्यायला पुढे यायची, का, तर तिला माहिती असायचं की बाही सुटणार नाही. सर कोपऱ्यातून ओरडायचे, "बाही! बाही!" आणि कुणी आपटलं की लगेच अहिराणीत, "तुले लागनं का व?"

याचं महत्त्व मला खरं कळलं ते शिकवायला लागल्यावर, जपानबद्दल वाचलं तेव्हा. १९८३ नंतरच्या साधारण तीस वर्षांत तिथल्या शाळांमधल्या ज्युडोत शंभराहून जास्त मुलं दगावली. कितीतरी जणांच्या डोक्याला मार होता आणि त्यात नवखी मुलं खूप होती. ओसोतोगारी म्हणजे बाहेरून पाय मारून मागे पाडायचा डाव, दिसायला सोपा म्हणून पहिल्या महिन्यातच शिकवतात, पण त्यात माणूस सरळ पाठीवर जातो आणि हनुवटी आवळलेली नसेल तर डोक्याची मागची बाजू आपटते. जिथे ज्युडो जन्मला तिथे हे झालं. माझ्या क्लासमध्ये नवीन मुलावर ओसोतोगारी मारायची परवानगी कुणालाही नाही, ब्राऊन बेल्टलाही नाही.

ज्युडोचे जनक जिगोरो कानोंनी १८८२ साली टोकियोतल्या एका देवळात १२ चटयांवर कोदोकान ही आपली ज्युडोची शाळा सुरू केली तेव्हा त्यांनी जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतले ठोसे, लाथा, घातक डाव बाजूला काढून कातामध्ये ठेवले, म्हणजे ठरवून करायच्या सरावात. ते बाजूला काढले म्हणूनच उरलेले डाव दोघांना पूर्ण ताकदीने एकमेकांवर करता येतात, रोज, आणि दुसऱ्या दिवशी परत यायला दोघंही धड असतात. नियमांनी खेळ मवाळ होतो असं जे म्हणतात त्यांना मी हेच सांगते, नियम आहेत म्हणून तर जोर लावता येतो.

जमिनीवरच्या पकडीत टॅप. दोनदा थोपटलं, मॅटवर किंवा जोडीदाराच्या अंगावर, की तत्काळ सोडायचं. हात अडकले असतील तर पायाने आपटायचं, नाहीतर तोंडाने "माइत्ता" म्हणायचं. गळा नीट आवळला गेला तर दहाएक सेकंदात माणूस बेशुद्ध पडू शकतो, म्हणून आवळणाऱ्याने समोरच्याचा चेहरा आणि हात दोन्हीकडे लक्ष ठेवायचं. हाताचा लॉक फक्त कोपराला आणि तोही सावकाश, झटका द्यायचा नाही. लहान मुलांना सर गळा आणि लॉक दोन्ही शिकवायचेच नाहीत. बोटं समोरच्याच्या बाहीच्या तोंडात घालायची नाहीत, कापड पिळलं गेलं की बोट मोडतं. "मात्ते" ऐकू आलं की डाव अर्ध्यात असला तरी तिथेच थांबायचं.

जोड्या जास्त आणि हॉल छोटा, त्यामुळे जमिनीवर खेळणाऱ्यांना एका बाजूला आणि उभ्यांना दुसऱ्या बाजूला ठेवायचे, नाहीतर उभी जोडी खालच्यांवर कोसळते. पाडायचं ते मोकळ्या जागेकडे, भिंतीकडे नाही. भिंतीजवळ गेलं तर थांबून परत मध्ये यायचं. कडेला बसणाऱ्याने पाय पसरायचे नाहीत, पडून राहायचं नाही.

मुलांबरोबर रँडोरी करायला मुली नको म्हणायच्या, त्या काळात आपल्याकडे ते साहजिकच होतं. सरांनी जबरदस्ती केली नाही. पण १९९२ ला बार्सिलोनात बायकांच्या ज्युडोला ऑलिंपिकमध्ये मेडलं सुरू झाली हे त्यांनी आम्हाला सांगितलं, आणि मुलांना ताकीद दिली की वजनाने जो मोठा त्याने ताकद कमी करून टेक्निकने खेळायचं, हसायचं नाही, नंतर वर्गात त्यावर बोलायचं नाही. एकाने तसं काही बोलल्यावर त्याचं खेळणं बंद झालं ते वर्षभर. मग आम्ही उतरलो.

आता पोरं मोबाईलवर काहीही बघून येतात. मागच्या वर्षी एक जण कानीबासामी मारायला निघाला होता, म्हणजे उडी मारून समोरच्याचे पाय स्वतःच्या पायांच्या कात्रीत धरून मागे पाडायचं. १९८० च्या ऑल जपान स्पर्धेत याच डावाने यामाशिता यांचा पाय मोडला होता, पुढे १९८४ ला ऑलिंपिक गोल्ड जिंकले तेच यामाशिता. हा डाव स्पर्धेत कधीचाच बंद आहे. मी त्या पोराला ओरडले नाही, बसवून सगळं समजावून सांगितलं.

शाळा आता नवीन हॉल बांधतेय आणि आमची बॅच मॅटसाठी पैसे जमवतेय, तर एवढी विनंती. मॅट भिंतीला चिकटवून टाकू नका, चहूबाजूंनी जागा सोडा, स्पर्धेतसुद्धा लढतीच्या चौकाबाहेर किमान ३ मीटरची सुरक्षित पट्टी असते. हॉलच्या मधले दोन खांब फोमने गुंडाळून घ्या. मॅट सरकू नयेत म्हणून बाहेरून लाकडी चौकट करा. ज्याच्या डोक्याला मार लागला त्याला त्या दिवशी परत उभं करायचं नाही, तो कितीही "मी ठीक आहे सर" म्हणाला तरी, आणि डॉक्टरने सांगितल्याशिवाय पुढेही नाही, हे तिथल्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवून घ्या. रंगाचा आणि पेंटरचा खर्च मी देते.