तुम्ही विचारलंत म्हणून : दर पाहुण्याला एव्हरी आयलंडच का?

भारतातून कुणीही आमच्याकडे ह्यूस्टनला आले, की मी त्यांना एकदा तरी लुईझियानातल्या एव्हरी आयलंडला घेऊन जाते, आणि गेली कित्येक वर्षे मला एकच प्रश्न विचारला जातो. नासा इथल्या इथे असताना चार तास गाडीत बसवून पाहुण्यांना दलदलीतल्या एका सॉसच्या कारखान्यात कशाला नेता? इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात हा प्रश्न हसत येतो, नातेवाइकांकडून काळजीने येतो, आणि कधीकधी त्या कारखान्याशी माझा काही संबंध आहे का, अशी शंकाही त्यात असते. तसा काहीही संबंध नाही. आजवर मी ‘बाग फार छान आहे’ एवढेच सांगून विषय संपवत आले. ते खरे असले तरी पुरेसे नाही, आणि पुन्हापुन्हा तेच सांगण्याचा आता मला कंटाळा आला आहे.

त्या कारखान्यात बनणाऱ्या टबॅस्को या तिखट सॉसची लाल झाकणाची बाटली तुम्ही पाहिलेली आहे, तेव्हा तिची ओळख करून देत नाही. मात्र हे बेट समुद्रात नाही. जमिनीच्या पोटातून वर आलेल्या मिठाच्या प्रचंड घुमटाने वरची माती उचलून धरली आहे, त्यामुळे भोवतालच्या सपाट, पाणथळ प्रदेशात ही टेकडी सुमारे 50 मीटर वर आलेली आहे. एरवी डोंगराच्या पायथ्याला ज्याला कुणी उंचवटा म्हणणार नाही, तो इथे चारी बाजूंच्या खाजणामुळे बेट ठरतो. माझा जन्म रायगडच्या खारेपाटातला, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातला, पेण तालुक्यातला. गवत, चिखल, भरतीचे पाणी आणि मध्येच कोरडी उंच जमीन हे दृश्य मला परके कसे वाटावे?

कारखान्याबद्दल थोडक्यात सांगते. एडमंड मॅकिलहेनी यांनी 1868 साली इथे मिरचीचे पहिले व्यापारी पीक घेतले आणि 1870 साली सॉसचे पेटंट मिळवले. पिकलेली मिरची तोडल्यावर लगेच वाटून मिठात कालवतात आणि ओक लाकडाच्या पिंपांत तीन वर्षांपर्यंत मुरवतात. पिंपांच्या झाकणांवर मिठाचा जाड थर दिलेला असतो, तो कडक होऊन वरून पांढऱ्या गिलाव्यासारखा दिसतो. त्या गोदामाशी उभे राहिले की घशात ठसका बसतो, आणि मसाला कुटण्याच्या दिवसांत वाढलेल्या कुणाही मराठी माणसाला तो ओळखीचा वाटतो. आज सॉसची बहुतेक मिरची लॅटिन अमेरिकेत आणि आफ्रिकेत पिकते, पण बियाणे बेटावरच जपले जाते. एवढ्यासाठी मी कुणाला चार तास प्रवास करायला लावणार नाही.

मी नेते ती बागेसाठी आणि पाखरांसाठी. एडमंड यांचे चिरंजीव एडवर्ड यांनी 1895 च्या सुमारास स्नोई जातीच्या बगळ्यांची आठ पिल्ले धरली आणि तळ्यावर बांधलेल्या पिंजऱ्यात वाढवली. विणीच्या हंगामात या बगळ्यांच्या पाठीवर येणारी तलम पिसे बायकांच्या हॅटवर लावण्यासाठी शिकाऱ्यांनी त्यांचे थवेच्या थवे मारले होते. एडवर्ड यांनी हिवाळ्याआधी ते पक्षी सोडून दिले, आणि वसंतात ते परत आले. बर्ड सिटी नावाची ती वसाहत आजही आहे. तिच्याभोवतीची जंगल गार्डन्स 1935 मध्ये लोकांसाठी उघडली. कॅमेलिया, अझेलिया, बांबूची बने, तळ्याकाठी बसलेली बुद्धमूर्ती आणि पाण्यात नुसते डोळे वर काढून पडलेल्या मगरी, हे सारे एका गाडीरस्त्यावर भेटते. आठ पिल्लांपासून हजारो पक्षी ही गोष्ट मी पहिली काही वर्षे सगळ्यांना भारावून सांगत असे. एका माणसाने मनावर घेतले तर काय होऊ शकते, असे तेव्हा मी म्हणत असे.

मग एका एप्रिलमध्ये दादा आला.

माझा थोरला भाऊ आयुष्यभर खारेपाटात भातशेती करत आला आहे. आमचे शेत खाडीकाठच्या बंदिस्तीच्या आत होते. पूर्वी गावोगावच्या जोळांतून, म्हणजे शेतकऱ्यांच्या सामाईक गटांतून, शेतकरी एकत्र येऊन बांधाची डागडुजी करत. पुढे खारजमिनींसाठी 1948 चा आणि नंतर 1979 चा कायदा आला आणि बांध हळूहळू सरकारी झाले. आमच्या बाजूच्या बांधाला एका उधाणात खांड गेली, म्हणजे तो फुटला. दादा आणि इतर शेतकरी संबंधित कचेरीत खेटे घालत राहिले, अंदाजपत्रक मंजुरीसाठी गेल्याचे ऐकत राहिले, आणि खारे पाणी रोज दोनदा शेतात येत राहिले. पुढे त्या शेतात कांदळ, म्हणजे खारफुटी, रुजले. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये कांदळवनाच्या तोडीवर राज्यभर बंदी घातली, ती योग्यच होती असे मी आजही मानते. पण त्यामुळे आमच्यासारख्यांच्या सातबाऱ्यावर भातशेत आणि प्रत्यक्षात तोडता न येणारे जंगल, अशी स्थिती झाली. वडिलांच्या पश्चात मी हक्कसोडपत्रावर सही केली होती, त्यामुळे ते नुकसान कागदोपत्री दादाचे एकट्याचे होते.

कारखान्यात त्याने पिंपे पाहिली, मान हलवली आणि काही बोलला नाही. बाहेर आल्यावर मात्र इमारतींच्या मागचा मातीचा बंधारा दिसताच तो थांबला. 2005 च्या सप्टेंबरात रीटा वादळाचे पाणी कारखान्याच्या अगदी जवळ आले होते, त्यानंतर कंपनीने सुमारे 17 फूट उंचीचा हा बंधारा घातला, पंप बसवले, वीज गेली तर जनरेटरही ठेवले. मी हे सांगत असताना दादा उताराकडे पाहत होता. तो उकिडवा बसला आणि खेकड्यांची बिळे कुठे दिसतात का, ते न्याहाळू लागला, कारण आमच्याकडे बांधाचा घात तिथूनच सुरू होतो. ‘उघाडी कुठे आहे?’ त्याने विचारले. उघाडी म्हणजे बांधातले पाणी सोडण्याचे दार. उघाडी नाही, पंप आहेत, असे मी सांगितले. ‘हा बांधायला परवानगी कुणी दिली, पैसे कुणी दिले?’ पैसे कंपनीचेच, मी म्हणाले. ‘किती वर्षं लागली?’ मला नेमके ठाऊक नव्हते, पण वादळानंतर फार नाही, एवढे ठाऊक होते. तो उठला आणि हात झटकत चालू लागला.

बर्ड सिटीच्या तळ्यावर बांबूच्या माचांवर बगळ्यांची घरटी गच्च भरलेली होती. मी नेहमीची गोष्ट सांगितली. शिवाय लुईझियानाच्या किनाऱ्याची 1930 च्या दशकापासून सुमारे 5,000 चौरस किलोमीटर पाणथळ जमीन कशी नाहीशी झाली, मिसिसिपीला घातलेल्या बांधांमुळे गाळ तिथवर पोहोचेनासा कसा झाला, तेलासाठी खणलेल्या कालव्यांतून खारे पाणी आत कसे शिरले, आणि म्हणून या बेटाभोवती माणसे हाताने खाजणी गवत कशी लावतात, तेही सांगितले. दादाने सगळे शांतपणे ऐकले. मग म्हणाला, ‘इथं माणसं दलदल लावतात. आमच्याकडे न लावता आली, आणि आम्ही मेलो. तुला दलदल आवडते, कारण ती तुझ्या सातबाऱ्यावर नाही.’

मी उत्तर दिले नाही. आजूबाजूला लोक होते, पाखरांचा कलकलाट होता, आणि त्याचा आवाजही चढलेला नव्हता. रागाने बोलला असता तर मला भांडता आले असते. परतीच्या वाटेवर त्याने जवळच्या न्यू आयबेरिया गावाच्या उसाच्या शेतांबद्दल पुष्कळ विचारले, त्या तळ्याबद्दल एक अक्षरही नाही. घरी पोहोचेपर्यंत मी त्याच्या वाक्याला मनात उत्तरे रचत होते. हक्कसोड मी त्याच्याच सोयीसाठी केली होती. कांदळ नसते तर गावातही पाणी शिरले असते. बांध सरकारने दुरुस्त केला नाही, कांदळाने फोडला नाही. प्रत्येक उत्तर बरोबर आहे, आणि एकही त्याच्या वाक्याला लागू पडत नाही.

तर तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर त्या दिवसापासून बदलले आहे. एव्हरी आयलंडवर खाजण ठेवणारा आणि बांध घालणारा एकच मालक आहे. गवत खचले तर वादळाचे पाणी त्याच्याच दारात येते, म्हणून तो गवतही लावतो आणि बांधही घालतो. खारेपाटात कांदळ वाचवा म्हणणारे वेगळे, बांध घालणारे वेगळे, आणि दोन्हींची किंमत मोजणारा तिसराच. हे इतके स्पष्टपणे दाखवणारी दुसरी जागा मी पाहिलेली नाही, म्हणून मी पाहुण्यांना तिथे नेते. हल्ली आधी बंधारा दाखवते आणि मग बगळे.

यावर तुम्ही म्हणाल, एका श्रीमंत घराण्याचे खासगी बेट हा कसला आदर्श? बरोबर आहे, आणि तो आदर्श आहे असे मी म्हणत नाही. या बेटावर आधी उसाचा मळा होता आणि तो गुलामांच्या श्रमावर चालत होता. अमेरिकेच्या यादवी युद्धात 1862 साली इथे खडकमीठ सापडले, तेही त्यांच्याकडूनच उपसून घेतले गेले. 2020 च्या डिसेंबरात इथल्या मिठाच्या खाणीचे छत कोसळून दोन कामगार मेले. खाजणाची मुळे खाणारा नुट्रिया हा उंदरासारखा प्राणी लुईझियानात प्रथम एडवर्ड यांनीच आणला, ही कहाणी खरी नाही. पण 1938 पासून त्यांनी तो पाळला आणि पुढे मोकळाही सोडला, हे खरे आहे. बगळे वाचवणाऱ्या माणसाने त्यांचे गवतही धोक्यात घातले. पाहुण्यांना मी हे सगळे सांगते, आणि काहींचा दिवस त्यामुळे खराब होतो.

दादाच्या त्या शेताला आता कोळंबीच्या तलावासाठी एका व्यापाऱ्याने मागणी घातली आहे. कांदळाला हात लावू नकोस, असे मी त्याला फोनवर सांगितले. मग त्या जागेचे काय करायचे ते तू सांग, असे त्याने विचारले. नुकसानभरपाईसाठी पुन्हा अर्ज कर, असे मी सुचवले, तेव्हा जुन्या अर्जांच्या पोचपावत्या पाठवू का, असे तो म्हणाला. त्याने त्या पाठवल्या. मी त्या वाचते आहे, आणि तलावाला माझा विरोध अजूनही आहे.