इंदूरच्या सकाळी पोह्यांना पर्याय शोधताना

मासिक पाळी दोन-दोन महिने लांबू लागली, हनुवटीवर राठ केस दिसू लागले आणि तपासण्यांनंतर पीसीओएसचे, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम या संप्रेरकांच्या विकाराचे निदान झाले, तेव्हा डॉक्टरांनी औषधांइतकीच सविस्तर चौकशी माझ्या नाश्त्याची केली. आमच्या घरात या प्रश्नाला एकच उत्तर आहे. इंदुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबाप्रमाणे आमच्याकडेही इंदुरी पद्धतीचे वाफवलेले पोहे होतात, त्यांवर शेव आणि जिरावन हा इंदुरी मसाला पडतो आणि रविवारी जोडीला जलेबी येते.

डॉक्टरांनी सांगितलेले कारण मला पटले. या विकारात अनेक स्त्रियांचे शरीर इन्शुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाही, त्यामुळे स्वादुपिंड ते अधिक प्रमाणात स्रवते, आणि हे वाढलेले इन्शुलिन अंडाशयांना टेस्टोस्टेरॉनसारखी अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी संप्रेरके, अधिक प्रमाणात तयार करण्यास प्रवृत्त करते. शिवाय रक्तातील टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारे जे प्रथिन यकृत तयार करते, तेही त्यामुळे घटते आणि मोकळे टेस्टोस्टेरॉन वाढते. साठ ग्रॅम कोरड्या पोह्यांत सुमारे पंचेचाळीस ग्रॅम कर्बोदके आणि जेमतेम चार ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे दिवसाची सुरुवातच रक्तातील साखर आणि इन्शुलिन वर नेणाऱ्या पदार्थाने होते. मात्र ‘हार्मोन संतुलित करणारा नाश्ता’ असा जो गवगवा सध्या ऐकू येतो, तो मला अतिशयोक्त वाटतो. 2023च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतही पीसीओएससाठी एखादाच आहार इतरांपेक्षा सरस असल्याचे म्हटलेले नाही. नाश्त्याकडून माझी अपेक्षा मर्यादित होती: वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळावीत, कर्बोदके निम्म्यावर यावीत आणि अकरा वाजता बिस्किटांचा डबा उघडावासा वाटू नये.

खरी अडचण पाककृतींची नव्हती, वेळेची होती. सकाळी दोन डबे भरायचे, सासूबाईंचा चहा आठच्या आत व्हायचा, आणि त्यात माझ्यासाठी वेगळा पदार्थ रांधणे फार दिवस चालणार नव्हते. म्हणून जे करायचे त्याची निम्मी तयारी रात्री व्हावी आणि ते घरातल्या इतरांनाही खाता यावे, असे मी ठरवले. त्यातून सालीच्या मूगडाळीचे धिरडे पक्के झाले. माणशी चाळीस ग्रॅम डाळ रात्री भिजत घालते आणि सकाळी साले न काढता आले, हिरवी मिरची व जिरे घालून अगदी थोड्या पाण्यात वाटते, कारण पीठ सैल झाले की धिरडे तव्याला चिकटते आणि मग तेल वाढत जाते. बिडाचा तवा चांगला तापल्यावर आच मध्यम करून पीठ पसरते, त्यावर माणशी पन्नास ग्रॅम कुस्करलेले पनीर, कांदा व कोथिंबीर घालून उलथण्याने हलकेच दाबते आणि कडा सुटेपर्यंत झाकण ठेवते. डाळीतून साडेनऊ, पनीरमधून नऊ आणि सोबतच्या वाटीभर दह्यातून तीन-चार, अशी साधारण बावीस ग्रॅम प्रथिने होतात. डाळीत कर्बोदके असतातच, त्यामुळे हा कर्बोदकमुक्त नाश्ता नव्हे. पण डाळीची कर्बोदके पोह्यांपेक्षा सावकाश पचतात आणि त्यांबरोबर तंतूही मिळतात. जिरावन मात्र मी सोडले नाही. दह्यावर ते पोह्यांपेक्षाही छान लागते.

ज्या दिवशी वाटायला वेळ नसतो, त्या दिवशी मोड आलेल्या मटकीची उसळ करते. उसळ-पोहे हा इथलाच पदार्थ आहे, त्यातले पोहे वगळायचे आणि त्यांच्या जागी पनीर किंवा उकडलेली अंडी घ्यायची. अंड्यांसाठी सासूबाईंनी वेगळे पातेले नेमून दिले आहे आणि तेवढ्यावर आमचा तह झाला. शेवेची एक चिमूट चवीपुरती चालते. मूठभर घातली तर तळलेले बेसन आणि मीठ दोन्ही वाढतात.

सोयाबीन हा पुढचा स्वाभाविक पर्याय होता, कारण माळव्यात ते मुबलक पिकते, सोयाबीनवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्थाही याच शहरात आहे, आणि कोरड्या दाण्यांत शेकडा छत्तीस ते चाळीस इतकी प्रथिने असतात. दाणे रात्रभर भिजवून, पाणी बदलून नीट शिजवल्याखेरीज मी वापरत नाही, कारण कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे घटक असतात आणि ते उष्णतेनेच निष्प्रभ होतात. शिजलेले दाणे कांदा, टोमॅटो आणि लिंबू घालून चांगले लागतात. वास कमी व्हावा म्हणून भिजल्यावर साले चोळून काढणे मात्र आवश्यक आहे. माझ्या जाऊबाई थायरॉइडची गोळी घेतात आणि सोयामुळे त्या औषधाचे शोषण कमी होऊ शकते, म्हणून त्यांच्या ताटात सकाळी सोयाबीन येत नाही; शिवाय गोळी आणि नाश्ता यांत त्या किमान अर्धा तास जाऊ देतात.

पुढच्या काही महिन्यांत पाळीचे अंतर कमी झाले. औषधे आणि संध्याकाळचे चालणेही तेव्हाच सुरू झाले होते, त्यामुळे श्रेय कोणाला किती द्यावे हे ठरवणे शक्य नाही. नाश्त्याचा म्हणून जो परिणाम मी खात्रीने सांगू शकते तो एवढाच की दुपारच्या जेवणापर्यंत भूक लागत नाही आणि चहाबरोबरचे गोड आपोआप सुटले. रविवारी घरात पोहे होतातच. त्या दिवशी मी आधी उसळ आणि दही खाते आणि मग अर्धी बशी पोहे घेते, कारण प्रथिने आधी खाल्ल्यास साखर कमी उसळते. सासऱ्यांना मूत्रपिंडाचा जुना विकार आहे आणि त्यांच्या डॉक्टरांनी प्रथिनांचे प्रमाण मोजून दिले आहे, त्यामुळे त्यांच्यासाठी मात्र रोज पूर्वीप्रमाणेच पोहे होतात.