बिलाच्या पाठीवरची ओळ

दुपारी सोलापूरच्या कन्ना चौकातून येताना यंत्रमागांच्या खटखटीत अचानक कवितेची ओळ सुचली: ‘धोटा जातो, धोटा येतो, मधे आई उभी.’ (धोटा म्हणजे मागात आडवा धागा इकडून तिकडं नेतो तो.) घरी जाऊन लिहीन म्हटलं की ओळ गेलीच, हा अनुभव चिक्कार आहे. मोबाईलवर बोलून ठेवावं, तर मागच्या वेळी नुसती खटखटच रेकॉर्ड झालेली! गाडी कडेला घेतली, शेंगाचटणीचं बिल उलटं केलं, तर पेन नाही. पानवाल्या काकांकडं मागितलं.

“हिशोब हाय का?”

“हिशोबच की ओ!”

तेलाच्या डागावर शाई उमटेना, ‘उभी’ अर्धीच राहिली. रात्री वहीत उतरवताना तिथं ‘वाकलेली’ आलं. तेच बरं वाटतंय. दुसरी ओळ अजून नाही. बिल वहीतच ठेवलंय, पानांना लसणाचा वास येतोय.