हीप चौपट का झाली?

शनिवारी रात्री कोथरूडच्या घरी बसून टॉमकॅट (जावातली वेब ॲप्स चालवणारा सर्व्हर) ९ चं १०.१ केलं. नव्या आवृत्तीत लायब्ररींची नावं बदलली आहेत, म्हणून कोडमधली जावाक्सची सगळी इम्पोर्ट्स जकार्ता करण्यात आमचे दोन आठवडे गेले होते, त्यामुळे सोमवारी सर्व्हरची मेमरी फुगलेली दिसली तेव्हा संशय थेट आमच्या कोडवर गेला. हीपचा, म्हणजे जावा प्रोग्रॅम आपल्या ऑब्जेक्ट्ससाठी वापरतो त्या मेमरीचा, डंप काढला, क्लास मेमरीत आणणारे क्लासलोडर तपासले. संध्याकाळपर्यंत काहीच हाती लागेना.

शेजारी बसणारी मानसी म्हणाली, "अरे, आधी जेसीएमडीनं व्हीएम.फ्लॅग्ज तर बघ." म्हणजे जावाच्या त्या कमांडनं चालू सेटिंग्ज पाहायची. मॅक्सहीपसाइज, म्हणजे हीपची कमाल मर्यादा, जवळजवळ ४ जीबी! आम्ही तर १ ठेवली होती.

ती मर्यादा टॉमकॅटच्या जुन्या फोल्डरमधल्या बिन फोल्डरात, सेटएन्व्ह.एसएच या सेटिंग्जच्या फाइलमध्ये होती. टॉमकॅटसोबत ही फाइल येत नाही, आपणच बनवायची असते, आणि मी ती नव्या फोल्डरमध्ये नेलीच नव्हती. एक्सएमएक्स (कमाल हीप ठरवणारं सेटिंग) दिलं नाही की जेव्हीएम, म्हणजे जावा चालवणारं इंजिन, साधारणपणे रॅमचा पाव हिस्सा कमाल हीप धरतं. आमचं मशीन १६ जीबीचं. एवढी जागा मिळाल्यावर कचरा गोळा करायची, म्हणजे नको असलेली मेमरी मोकळी करायची, घाई त्याला कशाला असेल? मेमरी लीक, म्हणजे कोडनं मेमरी अडकवून ठेवणं, नव्हताच.

आता ती फाइल वेगळ्या कॅटालिना बेसमध्ये (आपली सेटिंग्ज टॉमकॅटपासून वेगळी ठेवायच्या फोल्डरमध्ये) ठेवली आहे, गिटमध्येही टाकली आहे. काल रात्री पाहिलं: सर्व्हरची एकूण मेमरी, हीप आणि बाकीचं धरून, १.४ जीबीवर स्थिर.